तीन दिवसांच्या पाहुण्या

आपल्या वार्षिकाच्या प्रत्येक अंकात एक तरी प्रवासवर्णन असते आणि त्या प्रवासवर्णनात एक तरी समुद्र असतो. ग्रंथालयात जुने अंक चाळत बसले की हे चटकन ध्यानात येते. समुद्र हाक मारतो, लाटा गुज सांगतात, सूर्य केशरी होऊन पाण्यात बुडतो, आणि लेखक किंवा लेखिका जड अंतःकरणाने परतीच्या एसटीत बसते. मीही प्रथम वर्षाला असताना असा एक लेख लिहून दिला होता. तोपर्यंत मी समुद्र पाहिलाही नव्हता. संपादक मंडळाने तो लेख साभार परत केला, याबद्दल आज मी त्यांची मनापासून आभारी आहे.

या वर्षी मात्र खरोखरच जाऊन आले. आम्ही चौघी मैत्रिणी तीन दिवस दिवेआगरला होतो. सूर्य तिथेही केशरी होऊनच बुडाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या तीन दिवसांत एक गोष्ट मनाला अशी टोचली की तिच्यावर चार शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. प्राध्यापक मंडळींना हा लेख आगाऊ वाटला तर त्यांनी क्षमा करावी.

आधी मी कुठली, हे सांगते. कारण पुढच्या सगळ्या गोष्टीचा संबंध त्याच्याशी आहे. मी मावळातल्या सुदुंबऱ्याची. संतांच्या वाटेवरचे गाव. एका अंगाला देहू, मध्ये भंडाऱ्याचा डोंगर, आणि गावात संताजी जगनाडे महाराजांची समाधी. तुकोबांचे अभंग ज्यांनी लिहून ठेवले ते हे संताजी. इंद्रायणीत गाथा बुडवली गेल्यावर शब्द राखणाऱ्यांत त्यांचे नाव घेतले जाते. आमच्याकडे लहानपणापासून तिथी कानावर पडते ती वारीमुळे, एकादशीमुळे, बीजेमुळे. तिथीचा आणखी काही उपयोग असतो हे मला दिवेआगरला कळले. त्याकडे पुढे येतेच.

आमचा भाग आता पुण्या-मुंबईच्या लोकांचा फिरण्याचा भाग झाला आहे. पाऊस सुरू झाला की शनिवार-रविवारी लोणावळ्यापासून तळेगावापर्यंत गाड्यांची रांग लागते. कामशेतला दवाखान्यात जायचे असेल तर माणूस सोमवारची वाट पाहतो. गाड्यांतून जोरात गाणी लागलेली असतात. भातखाचरात उतरून फोटो काढले जातात. ज्याच्या खाचरात उतरले तो बांधावर उभा राहून पाहत असतो. आम्ही घरी या लोकांना 'रविवारचे' म्हणतो. 'रविवारचे आले का?' 'रविवारचे गेले एकदाचे!' असे बोलणे आमच्या ओटीवर नेहमीचे. आणि गंमत अशी की माझे एक चुलते पावसाळ्यात याच रविवारच्या लोकांना भाजलेली कणसे विकून दोन पैसे मिळवतात. तेही त्यांना 'रविवारचे' म्हणतात, पण जरा प्रेमाने.

१५ जून २०२५ हा दिवस मात्र आमच्यापैकी कोणी विसरणार नाही. तो रविवारच होता. आमच्या शेजारी, इंदोरीजवळ, इंद्रायणीच्या पात्रात कुंडमळा म्हणून जागा आहे. पाण्याने खडकात कोरलेली कुंडे, त्यांतून घुसळत जाणारी नदी. तिच्यावरचा जुना लोखंडी पूल त्या दिवशी दुपारी माणसांच्या भाराने कोसळला. चार जण गेले, पन्नासाहून अधिक जखमी झाले. त्याच्या आदल्या वर्षी, ३० जून २०२४ ला, भुशी धरणाजवळच्या ओढ्यातून एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले होते. अशा वेळी गावात जे बोलले जाते ते ऐकायला बरे नसते. दुःख असते, पण त्याखाली एक कडवट वाक्य असतेच: 'यांना कोणी सांगितले होते तिकडे जायला?' मीही ते वाक्य बोललेले आहे. सहा महिन्यांनी तेच वाक्य मला लागू पडले.

डिसेंबरात आम्ही निघालो. चौघी मुली एकट्या जाणार म्हटल्यावर घरी जे व्हायचे ते झाले. शेवटी एका मैत्रिणीच्या ओळखीतून दिवेआगरच्या एका घरात राहण्याची सोय झाली. त्या घरात आजी आहेत, एवढ्यावर परवानगी मिळाली. आईचा हॉटेलपेक्षा आजीवर विश्वास. २०२३ पासून बायकांना एसटीचे तिकीट अर्धे झाले, तेही वडिलांना पटवायला कामी आले. ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा असे करत संध्याकाळी आम्ही पोचलो. नारळ-पोफळीच्या वाड्यांमधून जाणारी अरुंद वाट, दोन्हीकडे चिऱ्याचे गडगे, आणि वाट संपली की एकदम मोकळे आकाश. वर्णन करणार नाही असे ठरवले आहे, म्हणून इथेच थांबते.

आजींनी पहिला प्रश्न विचारला तो आमच्या गावांचा. तिघींची गावे मोठी, त्यांची ओळख लगेच पटली. माझी पाळी आली. सुदुंबरे म्हटल्यावर सहसा कोणाला कळत नाही, म्हणून मी सवयीने पुस्ती जोडली: 'तळेगावजवळ. तिथे एनडीआरएफचा तळ आहे ना, ते.'

आजी हातातले काम थांबवून माझ्याकडे बघू लागल्या. 'म्हणजे नारिंगी कपड्यातली ती माणसं तुमच्या गावची गो?'

त्यांना समजावून सांगावे लागले की माणसे आमच्या गावची नाहीत. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी तुकडी सुदुंबऱ्याला असते. जवान देशभरातून, निरनिराळ्या सुरक्षा दलांतून प्रतिनियुक्तीवर येतात आणि मुदत संपली की परत जातात. पण आजींना हा तपशील नको होता. त्यांनी मला आत नेऊन चहा दिला. बाकीच्या तिघींना तो नंतर मिळाला.

मग त्या रात्री ३ जून २०२० ची गोष्ट ऐकली. निसर्ग चक्रीवादळ आपल्याला वर्तमानपत्रातून माहीत आहे. दुपारी ते श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्याला लागले, वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर, झोत १२० पर्यंत. आमच्याकडे मावळातही त्या दिवशी पत्रे उडाले होते, फुलशेतीची पॉलिहाऊसे झोपली होती. आजींनी आकडा सांगितला नाही. त्या म्हणाल्या, 'सकाळी वाडीत उभं राहिलं की आभाळ दिसत नसे. संध्याकाळी सगळं आभाळच होतं.' घरात माणसे खाटेखाली बसून होती आणि बाहेर पोफळी एकामागून एक मोडत होत्या, तो आवाज आठवतो म्हणाल्या. माड उन्मळले ते वाटेवर आडवे पडले. करोनाची टाळेबंदी चालू, वीज नाही, फोन नाही, गावाबाहेर जायला वाट नाही. मग ती नारिंगी कपड्यातली माणसे करवती घेऊन आली आणि त्यांनी झाडे कापत कापत रस्ता मोकळा केला.

पोफळीचे रोप लावल्यावर सुपारी हाती यायला सहा-सात वर्षे लागतात. श्रीवर्धनी रोठा सुपारीचे नाव मोठे, पण नावाने घर चालत नाही. वादळानंतर लावलेली झाडे आत्ता कुठे धरू लागली आहेत. मधली वर्षे कशी काढली, असे मी विचारले. आजींनी आम्हा चौघींकडे हात केला. 'तुमच्यासारख्या आल्या, त्यावर.'

इथे माझ्या डोक्यातले एक सोपे गणित चुकले. मी मनात म्हणत होते, पर्यटक म्हणजे उपद्रव. दिवेआगर हे मुळात वाड्यांचे गाव. आपण भाषेच्या इतिहासात मराठीच्या जुन्या लेखांपैकी एक म्हणून जो ताम्रपट पाठ करतो, शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, तो याच गावचा. हजार वर्षे हे गाव कोणाच्या सुट्टीसाठी थांबलेले नव्हते. १९९७ साली इथल्या एका वाडीत जमिनीत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला आणि तेव्हापासून लोकांची रीघ लागली. २०१२ मध्ये दरोडा पडला, देवळाचे रखवालदार मारले गेले, मुखवटा गेला. २०२१ मध्ये नव्याने घडवून पुन्हा बसवला. एवढ्या काळात घरोघर खोल्या निघाल्या, पाट्या लागल्या. गाव बिघडले असे म्हणायला आपण मोकळे आहोत. पण वादळाने वाडी नेल्यावर त्या खोल्यांनीच चुली पेटत्या ठेवल्या. मला माझे कणसेवाले चुलते आठवले. कुंडमळ्याच्या घटनेनंतर तिकडे बंदोबस्त लागला तेव्हा त्यांची गाडी कित्येक रविवार घरीच उभी होती.

म्हणून 'पर्यटकांनी येऊ नये' असे म्हणणाऱ्यांत मी आता नाही. माझे म्हणणे वेगळे आहे, आणि ते सांगण्यासाठी आमची फजिती सांगणे भाग आहे.

दुसऱ्या दिवशी आम्हाला हरिहरेश्वरला जायचे होते. रिक्षा सकाळी सातची ठरवली होती. दर्शन करून नऊ-साडेनऊला प्रदक्षिणा घालायची, जेवायला परत. ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी: तिथली प्रदक्षिणेची वाट देवळामागून टेकाडावर चढते, मग दोन कड्यांमधल्या चिंचोळ्या फटीतून उंच पायऱ्यांनी थेट समुद्राकाठच्या खडकांवर उतरते आणि खडकांवरून वळसा घालून देवळाशी येते. खडक पाण्याने झिजून मधाच्या पोळ्यासारखे झाले आहेत. आजींनी बेत ऐकला आणि बोटे मोजल्यासारखे करून म्हणाल्या, 'आज त्रयोदशी. पावणेदहाला भरती पुरी. तिथे खाली उतरू नका. दर्शन घ्या, बसा, दुपारी तीननंतर प्रदक्षिणा करा.'

आम्ही 'हो आजी' म्हणालो. रिक्षात बसल्यावर हसलो. त्रयोदशीचा आणि घड्याळाचा काय संबंध? एकीने फोनमध्ये पाहिले, पण तिने पाहिले ते हवामान. आकाश निरभ्र, वारा बेताचा. झाले!

देवळाजवळही सूचनेचा फलक होता. एका फुलवाल्या बाईंनी 'आत्ता नको' म्हणून सांगितले. आम्ही साडेनऊला पायऱ्या उतरलो. खाली पहिली काही पावले कोरडी होती, म्हणून पुढे गेलो. फोटो काढले. मग वळणापाशी एक लाट आली ती गुडघ्यापर्यंत. ती गेली तेव्हा आमच्या मागची, आम्ही नुकतीच चालून आलेली वाट पाण्याखाली होती. पुढची लाट कमरेला लागली. आमच्यातली एक शेवाळावरून घसरली आणि तिचा पाय खडकाच्या भोकात अडकला. मी तिचा हात धरला होता. लाट मागे जाताना किती जोराने ओढते हे ज्याला ठाऊक नाही त्याला सांगता येणार नाही. आम्ही ओरडत होतो की नव्हतो तेही आठवत नाही. दोन लाटांच्या मधल्या वेळात तिचा पाय निघाला, आणि आम्ही चौघी एकमेकींना धरून, रांगत म्हणावे तसे, पायऱ्यांवर परत आलो. एका पायाला सहा टाके आणि एक फोन समुद्राला. एवढ्यावर सुटलो.

वर बसून थरथरत असताना मला काय आठवावे? १ फेब्रुवारी २०१६. तेव्हा मी शाळेत होते. पुण्याच्या एका महाविद्यालयाची सहल मुरुडला गेली होती आणि आपल्याच वयाचे चौदा विद्यार्थी समुद्रात बुडाले होते. आमच्या शाळेत त्यांना श्रद्धांजली वाहिली होती. त्यानंतर घरी कोणीतरी म्हणाले होते, 'यांना कोणी सांगितले होते पाण्यात उतरायला?'

आम्हाला तर न उतरायला सांगितले होते. तीनदा.

आजी रागावल्या नाहीत. पायाला पट्टी पाहिली, पाणी तापवले, आणि संध्याकाळी मला ओटीवर बसवून ते गणित शिकवले. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती. एकादशीला सव्वाआठ. त्रयोदशीला पावणेदहा. भरतीनंतर सहा तास आणि थोडी मिनिटे गेली की ओहोटी पुरी. रोज वेळ पाऊण तासाने पुढे जाते, कारण चंद्र रोज तितका उशिरा येतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी खूप चढते आणि खूप उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा बेताचे. पाच-दहा मिनिटांचा फरक पडतो, पण होडी लावणाऱ्याला आणि कालवे काढणाऱ्या बाईला एवढे पुरते. ज्या एकादशीला आम्ही साबुदाणा भिजवतो तीच एकादशी इथे समुद्राची वेळ सांगते. मी भूगोलात भरती-ओहोटीवर पूर्ण गुण मिळवलेली विद्यार्थिनी. सूर्य, चंद्र, पृथ्वी यांची आकृती मला डोळे मिटून काढता येते. आकृती आली, घड्याळ आले नाही.

माझा मुद्दा हाच. आपण गावांना 'निसर्गरम्य स्थळ' हे नाव देतो आणि त्या नावामुळे तिथे पाहण्याखेरीज काही करायचे नसते असे मानतो. जो भाग आपल्याला देखावा आहे तो तिथल्या माणसांचा कामाचा भाग आहे आणि त्याचे ज्ञान त्यांच्याजवळ आहे. कुंडमळ्याला कोणत्या महिन्यात कुठपर्यंत जावे हे आमच्या गावातले पोरगे सांगेल. पण त्याला विचारतो कोण? त्याच्याकडून कणीस घेतात, चटणी-लिंबू जास्त लाव म्हणतात, आणि तसेच पुढे जातात. दिवेआगरला आम्ही तेच केले. आजींचे मोदक खाल्ले आणि त्यांचे ऐकले नाही. मावळात मी यजमान असते तेव्हा मला हे दिसते. पाहुणी झाले की दिसेनासे होते. यात शहर आणि खेडे असा भेदही नाही. आम्ही चौघींपैकी दोघी शेतकऱ्यांच्या मुली.

तिसऱ्या दिवशी किनाऱ्यावर फिरताना वाळूच्या उंचवट्यावर पसरलेली जांभळ्या फुलांची वेल पाहिली. तिला मर्यादवेल म्हणतात. वाळू धरून ठेवते. तिच्यावरून कोणाच्या तरी गाडीच्या चाकांचे दोन पट्टे गेले होते. एरवी मी त्या पट्ट्यांचाही फोटो काढला असता.

माझी एक मैत्रीण (तिच्याच पायाला टाके पडले) हा लेख वाचून म्हणाली, 'म्हणजे सुट्टीतही अभ्यासच करायचा का?' तिचे म्हणणे मला अगदीच टाकाऊ वाटत नाही. माणूस चार दिवस सगळे विसरायला बाहेर पडतो. त्याला तिथी मोजायला लावू नये. शिवाय सगळा भार पाहुण्यांवर टाकणेही बरोबर नाही. जुना पूल वेळेवर पाडणे किंवा धोक्याच्या वाटेवर भरतीच्या वेळी माणूस उभा करणे ही कामे सुट्टीला आलेल्या विद्यार्थ्याची नाहीत. हे मला मान्य आहे. पण आमच्या वेळी फलक होता, फुलवाल्या बाई होत्या, आजी होत्या. आणखी कोणी उभे असते तर आम्ही त्यालाही हसलो असतो, अशी मला दाट शंका आहे. आणि ज्यांना बोलवावे लागते ती नारिंगी कपड्यातली माणसेही शेवटी माणसेच. तळिये, इर्शाळवाडी, कुंडमळा, सगळीकडे तीच जातात. गावातून त्यांच्या गाड्या निघाल्या की आमच्याकडे आई अंगणात येऊन उभी राहते आणि विचारते, 'आता कुठे?'

निघताना आजींनी एका पुरचुंडीत सुपाऱ्या बांधून दिल्या. वादळानंतर लावलेल्या पोफळींच्या पहिल्या सुपाऱ्या. 'तळावर दे,' म्हणाल्या. मी खरेच घेऊन गेले. फाटकावरचा जवान दूरच्या प्रांतातला होता, त्याला मराठी येत नव्हते, आणि २०२० मध्ये कोकणात गेलेल्यांपैकी आता इथे बहुधा कोणी नसेल असे तो हिंदीत म्हणाला. वस्तू घेण्याचा नियम नव्हता. पण त्याने गोष्ट सगळी ऐकून घेतली. सुपाऱ्या आमच्या देव्हाऱ्यात आहेत.

आता मागणी. आपल्या महाविद्यालयाची सहल या वर्षी पुन्हा कोकणात न्यायचे घाटत आहे असे ऐकते. सहल समितीने खर्चाचा तक्ता लावण्याच्या आधी तिथी पाहावी. उधाणाचे दिवस टाळावेत. शनिवार-रविवार सोडून जावे. गावालाही बरे आणि खोल्याही स्वस्त पडतात. दोन बसगाड्या भरून एका मोठ्या हॉटेलात उतरण्यापेक्षा दहा घरांत पाच-पाच जणांनी उतरावे, आणि पहिल्या संध्याकाळी त्या घरच्यांनी सांगितल्याशिवाय कोणी किनाऱ्यावर जाऊ नये. भूगोल विभागाने भरतीचे गणित निघण्यापूर्वी एक तास घेऊन शिकवावे. मला बोलावले तर मीही येईन. सुदुंबऱ्याचा तळ इथून फार लांब नाही. तिथल्या कोणाला एक व्याख्यान द्यायला विनंती करता येईल. आजींच्या घरचा फोन नंबर मी सहलप्रमुख सरांकडे देऊन ठेवला आहे. त्यांच्याकडे पाच मुलींची सोय होते. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगावे लागते.